चाकांवरचा काळा थर आणि नारिंगी ठिपके: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

*बी-२०१:* नमस्कार सगळ्यांना. चवथीला गावी जायच्या आधी गाडी नीट धुवून घेतेय. पुढच्या दोन्ही चाकांवर काळा थर बसलाय, त्यात नारिंगी ठिपके. शॅम्पू लावून ब्रशने घासलं, तरी जात नाही. गाडी पुसणारा मुलगा म्हणतो, बाथरूमच्या फरशीचं अ‍ॅसिड आणतो, लगेच निघेल. लावू देऊ का?

*सी-१०३:* लाल माती असेल वहिनी. पावसात पर्वरीत कुणाची गाडी लाल होत नाही?

*ए-४०२:* वहिनी, अ‍ॅसिड अजिबात लावू देऊ नका. आधी त्याला थांबवा, मग पुढचं वाचा.

*ए-४०२:* फरशीचं अ‍ॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. तुमची चाकं अलॉयची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची. वरचा पारदर्शक लॅकर धूसर होतो, आणि जिथे खरचटलंय तिथून अ‍ॅसिड आत शिरून धातू खातं. ते पांढरट डाग कशानेही जात नाहीत, रिम रंगवूनच घ्यावी लागते. शिंतोडे ब्रेकच्या डिस्कवर आणि चाकाच्या नटांवर उडतात ते वेगळंच. आणि तो मुलगा उघड्या हातांनी, चाकाशी तोंड नेऊन काम करतो. डोळ्यात थेंब गेला तर? मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

*ए-४०२:* आणि ही माती नव्हे. माती भिजली की सुटते. हे लोखंड आहे. ब्रेक दाबला की पॅड बिडाच्या डिस्कवर घासतो आणि दोघांचीही भुकटी उडते. कण तापलेले असतात, ते लॅकरमध्ये रुततात. त्यात आपली हवा दमट, वर समुद्राचा खारेपणा. रुतलेला कण जागच्या जागी गंजतो, तोच नारिंगी ठिपका. घासून वरचं काळं जाईल, आतला कण हलणार नाही. तारेच्या घासणीने तर कणाआधी लॅकरच निघेल.

*सी-१०३:* पण मग मागची चाकं एवढी स्वच्छ कशी?

*ए-४०२:* बऱ्याच छोट्या गाड्यांना पुढे उघडी डिस्क, मागे बंद डब्यासारखा ड्रम ब्रेक असतो. ड्रमची भुकटी बरीचशी आतच राहते. शिवाय ब्रेक दाबल्यावर वजन पुढे येतं, त्यामुळे पुढच्या ब्रेकना जास्त काम पडतं. गॅरेजमध्ये ड्रम उघडून हवेच्या पाइपने ती भुकटी उडवतात, तेव्हा मुलांना जवळ उभं करू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. भुकटी ओली करूनच काढावी.

*बी-२०१:* मग लावायचं काय काका?

*ए-४०२:* गाडीच्या सामानाच्या दुकानात आयर्न रिमूव्हर मिळतो. बाटलीवर अ‍ॅसिड नसल्याचं किंवा पीएच न्यूट्रल असल्याचं लिहिलेलं बघून घ्या. त्यात थायोग्लायकोलेट असतं, ते लोखंडाला धरतं आणि पाण्यात सुटं करतं. लोखंड भेटलं की औषध जांभळं होतं, ओघळ लागतात. घाबरू नका, काम चालू असल्याची ती खूण आहे.

*ए-४०२:* चाक थंड हवं. हात ठेवून बघा, कोमट लागलं तरी थांबा. गाडी सावलीत घ्या, कारण हे वाळलं की त्याचेच डाग पडतात. आधी साध्या पाण्याने चिखल काढून टाका, नाहीतर औषध मातीवरच खर्च होतं. मग फवारा, बाटलीवर दिलेली मिनिटं थांबा, मऊ ब्रश चाकाच्या काडी-काडीच्या मागे फिरवा आणि भरपूर पाण्याने धुवा. एका वेळी एकच चाक. फार जुना थर असेल तर पुन्हा एकदा करा. घासण्याचा जोर वाढवू नका, औषधाला वेळ द्या. त्यानंतरही खडबडीत लागलं तर क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, तीही शॅम्पूचं पाणी लावून हलकेच फिरवा. जे काळे ठिपके जांभळे होतच नाहीत, ते बहुतेक रस्त्याचं डांबर. त्याला टार रिमूव्हर वेगळा मिळतो.

*ए-४०२:* चाकाचा ब्रश आणि बादली बॉडीला वापरू नका, त्यातले लोखंडाचे कण रंगावर ओरखडे काढतील.

*डी-३०१:* वास फार येतो म्हणतात?

*ए-४०२:* येतो, गंधकाचा. केस काढायच्या क्रीममध्ये याच जातीचं रसायन असतं, वास साधारण तसाच. उघड्यावर वापरा, हातमोजे घाला, लहान मुलांना लांब ठेवा.

*डी-३०१:* आमच्या इलेक्ट्रिक गाडीच्या चाकांवर असं काहीच दिसत नाही.

*ए-४०२:* अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटरच गाडी धरते, ब्रेक कमी लागतात. पेट्रोल-डिझेलवाल्यांनाही यातलं थोडं जमतं. बेळगावहून येताना चोर्ला घाट उतरतो, तेव्हा पाय सतत ब्रेकवर ठेवू नका. गिअर खाली घ्या, इंजिनाला गाडी रोखू द्या. भुकटी कमी उडेल, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ब्रेक तापून ढिले पडणार नाहीत. पावसात धुकं असताना हे कृपया सगळ्यांनी पाळा.

*सी-१०३:* काका, सकाळी डिस्कसुद्धा तांबूस दिसते. तिलाही हेच मारू का?

*ए-४०२:* नको. तो वरवरचा गंज, पावसात रात्रभर गाडी उभी राहिली की येतोच. थोडं चालवून ब्रेक लावले की पुसला जातो. चाकं धुतल्यावरही आवारात हळू चालवून दोन-तीनदा ब्रेक दाबा, डिस्क आणि पॅड कोरडे होतात. रिम कोरडी झाल्यावर तिला वॅक्स लावलं तर पुढची भुकटी तितकी चिकटत नाही. पण वॅक्स, पॉलिश, टायरची चकाकी यातलं काहीही डिस्कवर जाता कामा नये. ब्रेक लागणार नाहीत.

*सेक्रेटरी:* विनंती: हे काम विहिरीजवळ किंवा तुळशीच्या बाजूला नको. मागच्या गेटपाशी गटाराच्या जाळीवर करा.

*बी-२०१:* देव बरें करूं काका. गाडी पुसणाऱ्या मुलाला अ‍ॅसिड नको म्हणून सांगितलं. बाटली आज म्हापशाहून आणते. पहिल्या चाकाला तुम्ही जवळ उभे राहाल का?

*ए-४०२:* राहतो ना. उद्या सकाळी, ऊन चढायच्या आधी. रात्रभर गाडी बाहेर काढू नका, म्हणजे चाकं थंड असतील.

*सेक्रेटरी:* मागच्या नळाला पाणी नऊपर्यंतच असतं. बादल्या आधी भरून ठेवा.