मदत हवी आहे: रात्रीच्या रस्त्याच्या कामासाठी रिफ्लेक्टर जॅकेट नेमकं कोणतं घ्यावं? (ठाणे)

मानपाडा_साइट

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडला सर्व्हिस रोडच्या कडेने गटार आणि पेव्हर ब्लॉकचं काम घेतलंय. आम्ही छोटे उपकंत्राटदार. काम दिरांच्या नावावर आहे, साइट मी बघते. दिवसा वाहतुकीमुळे खोदता येत नाही, म्हणून बरंचसं काम रात्री, नेमकी अवजड वाहनं सुटतात तेव्हा. मधे प्लास्टिकचे बॅरिकेड आणि त्यापलीकडून ट्रेलर.

मुख्य कंत्राटदाराच्या सेफ्टी ऑफिसरने आमची सगळी जॅकेटं गेटवरच परत पाठवली. जॅकेट आयएस १५८०९ (भारतीय मानक) किंवा आयएसओ २०४७१ (आंतरराष्ट्रीय मानक), क्लास २, असं असेल तरच माणसं आत घेणार म्हणे. त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. पण दुकानात गेलं की 'सगळा आयएसआय माल आहे मॅडम' एवढंच ऐकायला मिळतं. प्रमाणपत्र मागितलं तर रेडियम टेप बनवणाऱ्या कुठल्याशा कंपनीची झेरॉक्स हातात ठेवतात, त्यावर जॅकेटचा उल्लेखही नसतो. दिसायला सारखीच दोन जॅकेटं, एक ऐंशी रुपयांना आणि दुसरं साडेतीनशेला. फरक ओळखायचा कसा? क्लास २ म्हणजे नक्की काय? पिवळं घ्यावं की केशरी?

आणखी एक गोष्ट मनात सलते आहे. आमच्याकडे निम्म्या बायका आहेत. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, त्यावर जॅकेट. घमेलं डोक्यावर घेताना पदर पुढून आवळून खोचतात, तो बरोबर छातीवरच्या पट्टीवर येतो. पुरुषांच्या खांद्यावर टॉवेल असतो, त्याखाली उभी पट्टी जाते. एका रात्री स्कूटीचा दिवा लावून मुद्दाम लांबून बघितलं. मुकादम लख्ख दिसले, पण त्यांच्या शेजारी वाकून ब्लॉक बसवणारी बाई अगदी जवळ जाईपर्यंत दिसली नाही. पाऊस आला की सगळेच निळा प्लास्टिकचा कागद पांघरतात, मग जॅकेट असून नसल्यासारखं.

पावसाळ्याच्या आत नवीन जॅकेटं घ्यायची आहेत. पैसे जरा जास्त गेले तरी चालतील, पण वस्तू खरी हवी. कुणी माहितगार असेल तर कृपया सांगा.

तळोजा_सेफ्टी

ताई, स्कूटीवरून बघितलंत ते उत्तम केलंत. ही पट्टी प्रकाश जिकडून येतो तिकडेच परत पाठवते. त्यामुळे ती चमकताना ड्रायव्हरला दिसते, बाजूला उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही. दुकानातही हीच परीक्षा घ्या. शटरच्या आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात जॅकेट टांगा, वीस-पंचवीस फुटांवर उभे राहा आणि मोबाइलची टॉर्च डोळ्याशेजारी, गालाला लावून धरा. खरी पट्टी पांढरीशुभ्र पेटते. नुसता चंदेरी रंग छापलेली पट्टी करडीच राहते. टॉर्च छातीपाशी धरली तर फरक नीट कळत नाही, म्हणून डोळ्याजवळच धरायची.

आता क्लास. आयएसओ २०४७१ मध्ये तो कापडाच्या आणि पट्टीच्या क्षेत्रफळावरून ठरतो. क्लास २ ला झगझगीत रंगाचं कापड किमान ०.५० चौरस मीटर आणि चमकणारी पट्टी किमान ०.१३ चौरस मीटर लागते. क्लास १ ला हेच आकडे ०.१४ आणि ०.१०, क्लास ३ ला ०.८० आणि ०.२०. पट्टीची रुंदी कमीत कमी ५० मिलिमीटर हवी. म्हणजे दोन इंची पट्टी पुढची-मागची सगळी मिळून निदान २.६ मीटर भरली पाहिजे. मोजपट्टी घेऊनच दुकानात जा. बाजारात एक इंची पट्टीची जॅकेटं ढिगाने मिळतात, ती कितीही चमकली तरी या मानकात बसत नाहीत. आडवी पट्टी अंगाभोवती पूर्ण फिरलेली हवी आणि दोन आडव्या पट्ट्यांमध्ये किमान ५० मिलिमीटर अंतर हवं. खालची पट्टी जॅकेटच्या काठापासूनही तेवढीच वर हवी.

टेपचं प्रमाणपत्र जॅकेटला लागू होत नाही. टेप अस्सल असेल, पण शिवणाऱ्याने ती निम्मीच लावली असेल तर उपयोग काय? भारतीय मानकाचं जॅकेट असेल तर लेबलवर आयएसआय चिन्ह, आयएस १५८०९ आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर टाका, कोणत्या उत्पादकाला कोणत्या मालासाठी परवाना दिलाय ते समोर येतं. आयएसओ मानकाचं असेल तर आत शिवलेल्या लेबलवर जॅकेटचं छोटं चित्र आणि शेजारी क्लासचा आकडा असतो. प्रमाणपत्रातला मॉडेल क्रमांक लेबलशी जुळतो का, तेही बघा.

तुमच्या जागेबद्दल माझं स्पष्ट मत: ब्लॉक बसवणाऱ्यांना क्लास २ चालेल, पण झेंडा घेऊन वाहनांसमोर उभा राहणारा माणूस क्लास ३ मध्येच हवा. आयएसओ मानकातलं मार्गदर्शन ढोबळमानाने असं आहे की वाहनं ताशी ६० किलोमीटरच्या वर धावत असतील तिथे क्लास ३. बिनबाह्यांचं जॅकेट एकटं क्लास ३ होऊच शकत नाही, त्याला बाह्या किंवा जोडीला तशीच पँट लागते. ताशी ६० ने येणारी गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर कापते. ड्रायव्हरने बघून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत दोन सेकंद गेली तर तीसेक मीटर संपले.

नागदेवी_दुकानदार

माझं नागदेवी स्ट्रीटला सेफ्टी मालाचं दुकान आहे, राहायला कळव्याला. ऐंशीच्या जॅकेटचं कापड इतकं विरळ असतं की आरपार दिसतं, रंगही पहिल्या काही धुण्यांतच उतरतो. जाळीचं जॅकेट आपल्याकडच्या घामाला बरं पडतं, पण जाळीत कापडाचं क्षेत्रफळ भरतं का ते लेबलवर तपासून घ्या.

रंगाबद्दल: तो झगझगीतपणा उन्हातल्या अतिनील किरणांमुळे येतो. रात्री रंगाचा फार फायदा नाही, सगळा भार पट्टीवर. दिवसा मात्र मागे काय आहे ते बघायचं. केशरी-पांढऱ्या बॅरिकेडपुढे केशरी जॅकेट हरवतं, पावसाळ्यात गायमुखकडच्या हिरव्या डोंगराच्या बाजूला पिवळं-हिरवं हरवतं. तुमच्या वर्णनावरून मी पिवळं सुचवेन.

गॅस कटिंग किंवा वेल्डिंग करणाऱ्याला हे साधं पॉलिएस्टर देऊ नका. ठिणगीने वितळून अंगाला चिकटतं. त्यांच्यासाठी आग न धरणाऱ्या कापडाचं वेगळं जॅकेट येतं.

खारघरकर

ताई, तुमच्या बायकांचा प्रश्न आमच्याकडे उलव्याच्या साइटवर होता. आम्ही केलेले उपाय सांगतो. बाजूला वेल्क्रोचे पट्टे असलेलं जॅकेट घ्या, म्हणजे अंगाबरोबर आवळता येतं. सैल जॅकेट वाकल्यावर पुढे लोंबतं आणि पट्टी जमिनीकडे तोंड करते. वेल्क्रो असल्याने मिक्सरच्या फिरत्या भागात अडकलं तर सुटतंही. पदर आधी शर्टच्या आत, मग वर जॅकेट, हे आमच्या मुकादमांच्या बायकोने सगळ्यांना करून दाखवलं. आम्ही चार वेळा सांगून जे झालं नव्हतं ते तेव्हा झालं. टॉवेल कमरेला बांधायला सांगा, काढूनच टाका म्हटलं तर कुणी ऐकणार नाही. उन्हात त्याची गरज असते.

पावसासाठी एक नंबर मोठं जॅकेट घेऊन ते रेनकोटच्या वरून घालायचं, नाहीतर पट्टीवाला रेनकोटच घ्यायचा. निळा कागद बंद करायचा असेल तर बदल्यात रेनकोट आपणच दिला पाहिजे.

मानपाडा_साइट

सगळ्यांचे मनापासून आभार. नाकारलेल्या जॅकेटांवर मोजपट्टी लावली. पट्टी एक इंची आहे आणि पाठीवर आडवी पट्टी एकच. आता गेटवर का अडवलं ते नीट कळलं. पदराचं आज रात्रीच सांगते. अजून दोन शंका. धुवायचं कसं? आमच्या बायका ब्रशने घासून घासून धुतात. आणि दुसरं, मागच्या ठिकाणी जॅकेटचे पैसे मजुरीतून कापले होते असं काही जण सांगतात, असं चालतं का?

तळोजा_सेफ्टी

पैसे कापता येत नाहीत. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत कलम ६ मध्ये मालकाची कर्तव्यं दिली आहेत. कामाच्या जागी सुरक्षेसाठी जे काही पुरवलं जातं त्याचं शुल्क कामगाराकडून घ्यायचं नाही, हे त्यात स्पष्ट आहे. कामगारांना हे तुमच्या तोंडून कळू द्या.

पट्टीवर ब्रश अजिबात नको. बऱ्याच पट्ट्यांच्या पृष्ठभागावर काचेचे अतिबारीक मणी असतात, घासलं की ते निघतात. साधी पावडर, गार पाणी, हाताने चोळणं, ब्लीच नाही, पिळणं नाही. उलटं करून सावलीत वाळवा आणि पट्टीवर इस्त्री फिरवू नका. सिमेंटचा राप बसला की पट्टी मरते, म्हणून ओला असतानाच फडक्याने पुसून घ्यायचा. लेबलवर किती धुण्यांपर्यंत टिकेल ते लिहिलेलं असेल तर तो आकडा स्टोअरच्या वहीत उतरवून ठेवा. जॅकेटं घरी न देता स्टोअरमध्येच ठेवलीत तर धुणं आणि मोजणं दोन्ही तुमच्या हातात राहतं. दर महिन्याला टॉर्च लावून बघा, नव्याच्या शेजारी टांगल्यावर मंद दिसलं तर बदला.

ऑर्डर देताना नुसतं 'रिफ्लेक्टर जॅकेट' लिहू नका. मानकाचा क्रमांक, क्लास २, पट्टी ५० मिलिमीटर, बाजूला वेल्क्रो, साइजप्रमाणे नग, आणि 'लेबल व प्रमाणपत्र जुळत नसल्यास माल परत' एवढं लिहा. बायकांसाठी लहान साइज वेगळ्या मागवा, गठ्ठ्यात बहुतेक एक्सएलच येतात. आधी एकच नग मागवून सेफ्टी ऑफिसरची लेखी मंजुरी घ्या, बाकीचा माल नंतर.