मार्गारेट लेडलॉचं खरं ठरलं का? स्कॉटिश बॅलड आणि छापखाना

घाटवळण (धागाकर्ता)

१८०२ साली स्कॉटिश लेखक वॉल्टर स्कॉट स्कॉटलंडच्या सीमाभागातल्या एट्रिक खोऱ्यात एका मेंढपाळाच्या घरी गेला. जुन्या बॅलडांचा, म्हणजे पिढ्यान् पिढ्या तोंडी चालत आलेल्या कथागीतांचा, त्याचा संग्रह त्याच वर्षी छापून आला होता. घरातल्या म्हातारीनं, कवी जेम्स हॉगच्या आईनं, मार्गारेट लेडलॉनं, त्याला 'ऑल्ड मेटलंड' हे बॅलड म्हणून दाखवलं आणि मग चांगलंच सुनावलं. ही गाणी म्हणायची होती, वाचायची नव्हती. तुम्ही त्यांची जादू घालवलीत, आता ती कुणी म्हणणार नाही. वर, तुम्ही ती धड लिहिलीही नाहीत आणि धड मांडलीही नाहीत.

मार्गारेट लेडलॉ शंभर टक्के बरोबर होती. स्कॉटच्या त्या पहिल्या छपाईत शब्द होते, चाली नव्हत्या. चार जणांकडून आलेले तुकडे जोडून त्यानं एकेक 'सुबक' पाठ तयार केला. त्यातल्या 'किनमंट विली' या बॅलडमध्ये जुनं किती आणि स्कॉटचं स्वतःचं किती, याचा वाद अजून मिटलेला नाही. पुढे हार्वर्डच्या फ्रान्सिस चाइल्डनं १८८२ ते १८९८ या काळात इंग्लिश-स्कॉटिश मिळून ३०५ बॅलड क्रमवार लावली. तेव्हापासून 'सर पॅट्रिक स्पेन्स' हे 'चाइल्ड ५८' झालं. डनफर्मलिनला बसून राजा रक्तासारखी लाल दारू पितोय आणि भर हिवाळ्यात खलाशांना समुद्रावर धाडतोय, अशा गाण्याला हजेरीपटातला नंबर!

ताकपोहे

असहमत. 'आता ती कुणी म्हणणार नाही' हे भाकीत साफ चुकलं. त्यानंतर शंभर वर्षांनी गॅव्हिन ग्रेग हा शाळामास्तर आणि जेम्स डंकन हा पाद्री अॅबर्डीनशायरमध्ये गाणी गोळा करायला निघाले आणि तीन हजारांच्या वर घेऊन आले. ग्रेग स्थानिक वर्तमानपत्रात सदर लिहायचा. ते वाचून लोक आपल्याकडची गाणी पाठवायचे. म्हणजे छापील कागदानंच गाणी बाहेर काढली.

आणि गंमत बघा, म्हातारीचं हे बोलणं आपल्याला कळलं कुठून? हॉगनं १८३४ साली छापलेल्या आठवणींतून. तोवर स्कॉट जाऊन दोन वर्षं झाली होती. हॉग गोष्ट रंगवून सांगणारा माणूस. आईच्या तोंडची वाक्यं त्यानं किती घडवली, देव जाणे.

सांजसावली

तुम्ही दोघंही संग्राहकांबद्दलच बोलताय. म्हणणाऱ्यांचं काय?

'एडवर्ड' हे बॅलड घ्या. आई विचारते, तुझ्या तलवारीला रक्त कसलं? मुलगा आधी म्हणतो ससाण्याचं, मग म्हणतो घोड्याचं, शेवटी कबूल करतो की बापाचं. १७६५ साली बिशप पर्सीच्या संग्रहात छापलेल्या पाठात शेवटी तो आईलाच शाप देतो, कारण सल्ला तिचाच होता. फार प्रभावी शेवट आहे, पण एखाद्या शिकलेल्या माणसानं रचल्यासारखा. अभ्यासकांनाही तसा संशय आहे.

आता १९५३ साली या. लोकगीतं गोळा करणारा हेमिश हेंडरसन अॅबर्डीनमध्ये जीनी रॉबर्टसन या गाणारीच्या दारात उभा राहिला. ती भटक्या 'ट्रॅव्हलर' समाजातली. गाणी आईकडून आलेली. तिच्या तोंडी हेच गाणं 'सन डेव्हिड' आहे. रक्त आधी घोडीचं, मग शिकारी कुत्र्याचं आणि मग भावाचं. बाप नाही, आईला शाप नाही. तो म्हणतो, मी बिनतळाच्या होडीतून जातो, परत येणार नाही. बस्स. पर्सीचं पुस्तक निघून जवळजवळ दोनशे वर्षं होत आली होती, तरी गाणं त्या पुस्तकाच्या वाटेला गेलंच नाही.

बिनतळाची होडी! मी तिथेच थांबते दरवेळी.

घाटवळण

सांजसावलीताई, उदाहरण भारी आहे, पण ते माझ्याच बाजूचं. ट्रॅव्हलर लोकांमध्ये गाणं टिकलं, कारण तिथे ते पुस्तकातून नाही, तोंडून कानात जात होतं. ब्लेअरगावरीच्या रासबेरीच्या मळ्यांत तोडणीला जमलेल्या याच लोकांकडून हेंडरसनला गाण्यांची खाणच सापडली. छापखाना जिथे पोचला नाही तिथे जादू राहिली, हेच तर म्हातारी म्हणत होती.

ताकपोहे

मग अॅना गॉर्डनचं काय? अॅबर्डीनच्या प्राध्यापकाची मुलगी, भरपूर वाचणारी, लिहिणारी. तिची बॅलड मावशीकडून, आईकडून, घरातल्या दाईकडून कानावर पडलेली. स्कॉटनंही ती वापरली आणि चाइल्डला तर तिचे पाठ फार आवडत. लिहितावाचता येणाऱ्या माणसाच्या डोक्यात गाणं मरतं, हा निव्वळ रोमँटिक समज आहे. खेड्यातला माणूस निरक्षरच असावा अशी शहरातल्यांची हौस असते.

जुनाबाजार

थोडं अवांतर. पोवाड्यांच्या बाबतीत आपण हेच केलंय. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर अॅकवर्थ (वडाळ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयाला ज्यांचं नाव आहे तेच) आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाडे छापले. १८९४ साली अॅकवर्थनी त्यातले काही इंग्रजी पद्यात नेले आणि पुस्तकाच्या नावातच त्यांना 'बॅलड' म्हटलं. त्या पुस्तकात डफ नाही, तुणतुणं नाही, झीलकऱ्यांची 'जी जी' नाही. पण ते पुस्तक नसतं तर त्यातले निम्मे पोवाडे आज कुठे असते? माझं मत ताकपोहेंना.

सांजसावली

छापखान्यापेक्षा मला रेकॉर्डिंगची जास्त भीती वाटते. कागदावर चाल नसते, म्हणून गाणाऱ्याला स्वतःची शोधावी लागते. रेकॉर्ड झाल्यावर मात्र जीनीचा श्वास, तिचं थांबणं, सगळं जसंच्या तसं उचलता येतं. नंतरचे किती तरी गायक 'सन डेव्हिड' तिच्याच वळणानं म्हणतात. बिचारा पर्सी जे करू शकला नाही ते टेपनं केलं.

ताकपोहे

आता हे मात्र मला खोडता येत नाहीये. पण टेप नसती तर आपण दोघं आज या होडीबद्दल बोलत असतो का?

घाटवळण

बोलत नसतो, मान्य. पण म्हातारीच्या दुसऱ्या तक्रारीला अजून कुणीच हात लावलेला नाही. जादू गेली हे वाक्य सगळे उचलतात. 'धड लिहिलंही नाही' हा सरळ हिशेबाचा मुद्दा होता. पाठ तिचा होता आणि चूक काढायचा हक्कही तिचाच होता. त्याला स्कॉटनं काय उत्तर दिलं असेल?

जुनाबाजार

हसला असेल. आणि पुढच्या आवृत्तीच्या तयारीला लागला असेल.