मदत हवी आहे: पेनच्या ब्लँकसाठी कोणतं ड्रिल बिट, आणि त्याला धार कशी लावायची?

नमस्कार मंडळी,

लेथवर लाकडी आणि ॲक्रिलिकचे पेन करतो. ब्लँकमध्ये, म्हणजे ज्यातून पेन घडतो त्या कच्च्या तुकड्यात, ७ मिमीची पितळी नळी बसवायची, म्हणजे भोक सरळ आणि मापातच हवं. दोन्हींसाठी ११८ अंशी टोकाचं साधं एचएसएस (हाय-स्पीड स्टील) बिट वापरतोय. लाकडात बरं चालतं, फक्त कठीण लाकूड असलं की सुरुवातीलाच टोक रेषांच्या कलाने सरकतं.

खरा त्रास ॲक्रिलिकचा. बिट पलीकडे निघताना कडेचा टवका उडतो. भोकात दुधाळ थर दिसतो आणि कीस बिटाच्या खाचांमध्ये चिकटून गोळा होतो. शिवाय दोन्हींतही भोक व्हर्नियरवर ७.२ भरतं, नळी खुळखुळते. प्लास्टिकसाठी वेगळं बिट घ्यावं, की याच बिटाची धार बदलून भागेल?

प्रतिसाद १:
याच बिटावर भागेल. दुधाळ थर उष्णतेचा आहे. ॲक्रिलिक १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच मऊ पडतं. वेग कमी ठेवा, पाच-सहा मिमी गेलं की बिट पूर्ण बाहेर काढा आणि खाचा ब्रशने साफ करूनच परत आत घाला.

टवक्याचं कारण वेगळं. खाचेच्या पिळामुळे धार पुढे झुकलेली असते. ती प्लास्टिकमध्ये रुतते आणि पलीकडे निघताना बिट स्क्रूसारखं पुढे ओढलं जातं. हा झुकावच मारायचा. बारीक डायमंड कानस बिटाच्या अक्षाला समांतर धरा आणि खाचेच्या बाजूने धारेवर अगदी अरुंद सपाट पट्टी घासा, अर्ध्या मिमीहूनही कमी. दोन्ही धारांवर सारखी. आता धार रुतणार नाही, खरवडत जाईल. हे बिट मग प्लास्टिकसाठीच राखून ठेवा.

आणि ब्लँक सेंटीमीटरभर लांब ठेवा. भोक आरपार पाडूच नका. शेवटचा तुकडा करवतीने कापला की तोंड आपोआप उघडतं. लाकडातही हे करा.

धागाकर्ता:
मनापासून आभार. पट्टी घासली, टवके थांबले, कीसही मोकळा येतोय. भोक मात्र अजून ७.२च.

प्रतिसाद २:
आधी बिट काचेवर लोळवून बघा, वाकलेलं नाही ना. सरळ असेल तर दोन धारांची लांबी मोजा. एक लांब झाली की टोक मध्यातून सरकतं आणि भोक त्या लांब धारेच्या मापाचं पडतं. कीस एकाच खाचेतून जास्त येत असेल तर बहुधा हेच.

ग्राइंडरवर बिट चाकाच्या तोंडाशी ५९ अंशांत धरा. धार आडवी टेकवून मागचं टोक हळू खाली न्या, म्हणजे धारेमागे ८ ते १२ अंशांचा उतार पडेल. उतार नसेल तर बिट कापत नाही, नुसतं घासून तापतं. एक घास या धारेला, एक त्या धारेला, आणि दर वेळी लांबी तपासा. जरा निळसर झालं म्हणून एचएसएसचं पाणी (कडकपणा) उतरत नाही, पण कडक तापलेलं बिट पाण्यात बुचकळू नका, धारेला बारीक तडे जातात.

लाकडासाठी ब्रॅड पॉइंट बिट घ्या, मध्ये अणकुचीदार टोक असलेलं. मधलं टोक जागा धरून ठेवतं, तुमचं ते सरकणं बरंच थांबेल. पण त्याला चाकावर नेऊ नका, सुई कानशीनेच धार लावा.