माहितीपट पाहून तुमचे हात शिवशिवले का?

सुरुवात मीच करते. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणं हा माझा धंदा. मागच्या वर्षी चार महिने एक रेघ मनासारखी येईना. काम वेळेवर जायचं, पैसेही मिळायचे, पण मांजर काढली की ती आदल्या वर्षीचीच मांजर! मैत्रिणीने सत्यजित राय यांचा 'द इनर आय' (१९७२) हा माहितीपट पाहायला लावला. वीसेक मिनिटांचाच आहे.

तो आहे चित्रकार विनोदबिहारी मुखर्जींवर. ते रायांचे शांतिनिकेतनातले गुरू. लहानपणापासून एक डोळा निकामी, दुसऱ्याने जेमतेम दिसायचं. तेवढ्यावर त्यांनी शांतिनिकेतनातल्या हिंदी भवनाच्या भिंतींवर कबीर, सूरदास अशा संतांचं भलंमोठं चित्र रंगवलं. पन्नाशी ओलांडल्यावर शस्त्रक्रियेनंतर होती ती दृष्टीही गेली. तरी काम थांबलं नाही. कागद दुमडायचा, कापायचा, बोटांनी चाचपून बघायचा. अशा कागदी आकृत्यांवरून त्यांनी टाइल्सचं भित्तिचित्र केलं.

पाहून झाल्यावर मी रद्दीतला पेपर घेतला, डोळे मिटले आणि कात्री चालवली. मुलाला विचारलं, काय आहे ओळख. म्हणाला, "फणस." मांजर होती ती. पण शेपटीची ती वळणं मी डोळे उघडे ठेवून कधीच काढली नसती. तो फणस मॉनिटरला चिकटवून ठेवलाय.

तुमचंही सांगा. थोर कलाकृतीच हवी असं काही नाही.

* * *

मी गाते. म्हणजे गात होते. स्वरतंतूंवर गाठी आल्या आणि डॉक्टरांनी सहा महिने गाणं बंद केलं. चिडचिड तर इतकी की घरात तानपुऱ्याचं अॅपसुद्धा कुणी लावायचं नाही. त्या काळात जब्बार पटेलांचा गायक कुमार गंधर्वांवरचा 'हंस अकेला' हा माहितीपट पाहिला.

कुमारजींची क्षयाची कथा तशी सगळ्यांना पाठ असते. देवासला अंथरुणावर काढलेली वर्षं, गाण्याला बंदी, कानावर पडणारी माळव्यातली लोकगीतं. मलाही पाठ होती. पण स्वतः मुकं बसल्यावर ती वेगळी ऐकू आली. आमच्या गल्लीत भंगारवाला येतो. 'भंगाऽऽर' म्हणताना शेवटी तो एका स्वरावर लोंबकळतो आणि मग पटकन खाली उतरतो. मी ते वहीत स्वरलिपीत उतरवलं. मग कुकर दुरुस्तीवाला, मग भाजीवाल्या मावशी. बारा पानं झाली. बंदिश अजून एकही झालेली नाही, खोटं कशाला बोला.

* * *

वरच्या ताईंसारखं मला लिहिता येत नाही. आमचा गणपतीचा कारखाना आहे, पेणजवळ. भाच्याने मोबाइलवर 'रिव्हर्स अँड टाइड्स' लावून दिला. अँडी गोल्ड्सवर्दी नावाचा शिल्पकार गडी समुद्रकिनारी दगडावर दगड रचतो. भरती चढतेय आणि रचलेलं ढासळतंय. पुन्हा रचतो, पुन्हा ढासळतं. इंग्रजी फारसं कळलं नाही, पण मी जाम हसलो. शाडूची मूर्ती सुकताना तडकते तेव्हा माझा चेहरा अगदी तसाच होतो. दुसऱ्या दिवशी तडकलेल्या दोन मूर्ती पाण्यात भिजत घातल्या आणि त्याच मातीचा पहिल्यांदा साच्याशिवाय, हाताने गणपती केला. कान जरा मोठेच झालेत.

* * *

माझं उलटंच. क्लूझो या फ्रेंच दिग्दर्शकाच्या १९५६ च्या पिकासोवरच्या फिल्ममध्ये पिकासो कागदावर काढतो ते कागदाच्या पलीकडून दिसतं. फुलाचा मासा होतो, माशाचा कोंबडा, कोंबड्याचा चेहरा. बरं चाललेलं चित्र हा माणूस बिनदिक्कत पुसून टाकतो. ते पाहून महिनाभर माझा ब्रश उचलवेना. मी तर डाग पडला तरी रडते.

आता चित्र रंगवताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढून ठेवते. नवरा रोज फोटो चाळतो आणि म्हणतो, "तिसऱ्यालाच थांबायचं होतंस." तो अकाउंटंट आहे. आणि बहुतेक वेळा त्याचंच बरोबर असतं, याचा जास्त राग येतो.

* * *

ताई, तो फणस दाखवा की!