मदत हवी आहे: गिटारसाठी स्टिरिओ रोटरी पेडल

नमस्कार मंडळी, गिटारला लेस्ली स्पीकरचा (ज्यात हॉर्न आणि ड्रम फिरतात, त्यामुळे आवाज लहरतो) आवाज देणारं पेडल शोधतोय. बजेट दहा-बारा हजार, जुनंही चालेल. दोन अँप वापरतो, त्यामुळे स्टिरिओ आउटपुट हवंच. डावी-उजवीकडे फिरणारा आवाज मोनोत मिळतच नाही. माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फिरण्याचा वेग बदलतानाचा क्षण. खऱ्या लेस्लीत वरचा हॉर्न हलका, तो पटकन वेग घेतो. खालचा जड ड्रम मागून सावकाश येतो. स्वस्त पेडलमध्ये हा फरक ऐकू येतो का? बेहरिंगर आरएम६०० बजेटात बसतं, पण प्लास्टिकची बॉडी स्टेजवर टिकेल? की थांबून जुनं बॉस आरटी-२० किंवा लेस्टर जी पेडल शोधू? रोटरी पेडल ओव्हरड्राइव्ह पेडलच्या (आवाज खरखरीत करणाऱ्या) आधी लावता की नंतर, तेही सांगा.