मदत हवी आहे : 'द सोप्रानोज', पाचव्या पर्वाचा शेवट – टोनीने मावसभावाला स्वतः का मारले?

नमस्कार. न्यू जर्सीतील माफिया टोळीचा म्होरक्या टोनी सोप्रानो याच्यावरील 'द सोप्रानोज' या अमेरिकी मालिकेचे पाचवे पर्व नुकतेच पाहून संपवले आणि शेवटच्या भागातील दोन गोष्टींचा उलगडा होत नाही, म्हणून जाणकारांना विचारत आहे. सहावे पर्व अजून पाहायचे आहे, तेव्हा उत्तर देताना पुढील कथानक कृपया उघड करू नये. ज्यांनी पाचवे पर्व पाहिलेले नाही, त्यांनी मात्र पुढे वाचू नये.

संदर्भासाठी थोडक्यात सांगतो. हा भाग ६ जून २००४ रोजी एचबीओ या अमेरिकी वाहिनीवर प्रथम दाखवला गेला. न्यूयॉर्कच्या लुपर्टाझी घराण्याचा म्होरक्या कार्माइन मरण पावल्यावर गादीसाठी त्याच घराण्यातील जॉनी सॅक आणि कार्माइनचा मुलगा यांच्यात जुंपते. तुरुंगातून सुटून आलेला टोनी सोप्रानोचा मावसभाऊ टोनी ब्लंडेटो मुलाच्या गटाची सुपारी घेऊन जॉनीच्या माणसाला मारतो. त्याचा सूड म्हणून जॉनीच्या गटातील लिओटार्डो बंधू ब्लंडेटोचा तुरुंगातील जिवलग मित्र अँजेलो याला संपवतात, तेव्हा ब्लंडेटो धाकट्या बिलीला ठार करतो आणि थोरला फिल जखमी होऊन वाचतो. शेवटच्या भागात फिलला ब्लंडेटो जिवंत हवा आहे, जॉनी त्याच्या पाठीशी उभा आहे, आणि न्यू जर्सीचा टोनी सोप्रानो भावाला त्यांच्या हवाली करायला तयार नाही. दरम्यान टोनीचा नातलग आणि साथीदार ख्रिस्तोफर याला शोधत आलेला फिल टोनीच्याच टोळीतील बेनीला जबर मारहाण करतो आणि टोनीच्या माणसांतील कुरबुर उघडपणे ऐकू येऊ लागते.

यानंतर टोनी एकटाच किंडरहूक येथील पॅट काकांच्या शेतावर, जिथे ब्लंडेटो लपला आहे, जातो आणि किराणा घेऊन परतणाऱ्या भावावर शॉटगनची गोळी झाडतो. हे त्याने दयेपोटी केले, असे मी पाहिल्यापाहिल्या गृहीत धरले होते, कारण फिलच्या हाती लागला असता तर ब्लंडेटोचे हालहाल झाले असते आणि येथे त्याला काय घडले हे कळण्यापूर्वीच मरण आले. शिवाय टोनीच्या मनात जुना सलही आहे: ज्या चोरीत ब्लंडेटो पकडला गेला, त्या रात्री टोनीही सोबत असायला हवा होता, परंतु आईशी भांडण होऊन त्याला घबराटीचा झटका आला आणि पुढे त्याने आपल्यावर हल्ला झाल्याची थाप मारली.

परंतु त्याच भागात टोनीचा सल्लागार सिल्व्हिओ त्याला तोंडावर ऐकवतो की प्रश्न भावाच्या प्रेमाचा नसून जॉनीपुढे मान तुकवायची नाही एवढाच आहे. हे ऐकल्यावर दयेचा अर्थ मला पुरेसा वाटत नाही. टोनीच्या टोळीतील पॉलीच्या घरातील त्या चित्राचा (टोनी आणि त्याची घोडी पाय-ओ-माय) या निर्णयाशी नेमका काय संबंध आहे, हेही समजले नाही. टोनी ते उचलून कचऱ्याच्या पेटीत टाकतो आणि मग बराच वेळ त्याकडे पाहत राहतो, तो का?

दुसरी शंका कायद्याची आहे. जॉनीच्या घराबाहेर दोघांचा समेट होतो न होतो तोच एफबीआयची माणसे येतात, जॉनी पकडला जातो आणि टोनी बर्फातून पळत सुटतो. नंतर वकील नील मिंक त्याला फोनवर सांगतो की आरोपपत्रात त्याचे नाव नाही. घटनास्थळी उभा असलेला माणूस असा कोरा कसा सुटतो? की लेखकांनी केवळ सोयीसाठी त्याला वाचवले?

प्रतिसाद १

कायद्याच्या शंकेचे उत्तर तुलनेने सोपे आहे. आरोपपत्र ब्रुकलिनच्या खटल्याचे आहे आणि ते लुपर्टाझी घराण्याविरुद्ध आहे. त्या घराण्याचा सल्लागार जिमी पेट्रिल सरकारला फितूर झालेला आहे. अमेरिकेतील १९७० च्या रिको कायद्यानुसार संपूर्ण टोळीलाच एक उद्योग मानून तिच्या अनेक वर्षांच्या गुन्ह्यांची एकत्र साखळी जोडता येते (आपल्याकडील १९९९ च्या मकोकाचा हेतूही बराचसा असाच आहे), मात्र त्या साखळीत ज्याला गोवायचे, त्याच्याविरुद्ध साक्ष लागते. पेट्रिलला जे ठाऊक आहे ते मुख्यतः स्वतःच्या घराण्याचे. जॉनीच्या अंगणात उभे असणे हा गुन्हा नव्हे. टोनी पळाला तो त्या क्षणी त्याला हे ठाऊक नव्हते म्हणून. प्रत्यक्षातही आतल्या माणसाची साक्षच निर्णायक ठरत आली आहे: न्यूयॉर्कच्या गॅम्बिनो या खऱ्या माफिया घराण्यातील दुसऱ्या क्रमांकाचा सॅमी ग्रॅव्हानो १९९१ मध्ये फितूर झाला आणि १९९२ मध्ये त्या घराण्याचा म्होरक्या जॉन गॉटीला शिक्षा झाली. त्यामुळे हा प्रसंग मला ओढूनताणून आणलेला वाटत नाही.

प्रतिसाद २

चित्राबद्दल माझे मत मांडतो. चौथ्या पर्वात टोनीने ते जाळून टाकायला सांगितले होते. पॉलीने ते परस्पर घरी नेले आणि टोनीला नेपोलियनच्या काळातील सेनापतीचा गणवेश रंगवून घेतला. म्हणजे माणसांना आपला म्होरक्या कसा दिसायला हवा आहे, ते टोनीला तिथे भिंतीवर टांगलेले दिसते. सेनापतीने एका नातलगासाठी सगळी फौज पणाला लावायची नसते. माझ्या मते सिल्व्हिओ जे शब्दांत सांगतो, तेच चित्र त्याच्या गळी उतरवते.

दया आणि अहंकार यांतून एकच निवडण्याची गरज मला दिसत नाही. टोनी भावाला देतो, पण जिवंत देत नाही: फिलला केवळ प्रेत मिळते आणि त्याचा संताप शमत नाही. हा निर्णय दयेचा आहेच, पण जॉनीची आज्ञा अर्धीच पाळण्याचाही आहे, आणि सिल्व्हिओने ज्यावर बोट ठेवले तो अहंकार त्यात शाबूत राहतो.

शक्य झाल्यास पर्वाचा पहिला भाग पुन्हा पाहावा. त्यात सोप्रानोंच्या परसात अस्वल शिरते; शेवटी टोनी झुडपांतून वाट काढत, भिजलेल्या बुटांनी त्याच परसात येतो. पहिल्या पाचही पर्वांचे शेवटचे भाग दिग्दर्शित करणारे जॉन पॅटरसन यांचे या मालिकेतील हे अखेरचे काम, आणि दृश्यांची अशी बांधणी हा त्यांचा हातखंडा होता.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. कायद्याची शंका फिटली. आज्ञा अर्धीच पाळल्याचा मुद्दा पटतो, कारण समेटाच्या वेळी टोनी जॉनीला आपण पुरेशी किंमत मोजली असे सांगतो, त्यातला हिशेबी सूर आता लक्षात येतो. फक्त एक राहते: मृतदेह पुरायला टोनी ख्रिस्तोफरलाच का पाठवतो? ख्रिस्तोफरची वाग्दत्त वधू एड्रियाना हिच्या हत्येनंतर लगेचच त्याच्यावर हे काम सोपवणे हा विश्वास म्हणावा की परीक्षा, याबद्दलही कोणी लिहिले तर बरे होईल.