अल्बर्टाच्या हिवाळ्यात आरव्हीत (चाकांवरच्या घरात) राहायचंय, अनुभवी लोकांचा सल्ला हवा

पाऊलवाट
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं आणि आमची कुत्री. कॅलगरीचं घर ऑगस्टमध्ये विकलं, मेमध्ये ट्रेलर घेऊन कॅनडाभर फिरायला निघणार आहोत. तोपर्यंत नवऱ्याचं काम रेड डिअरजवळ आहे, म्हणून नोव्हेंबर ते एप्रिल तिथेच, आमच्या २८ फुटी ट्रेलरमध्ये काढायचे आहेत. हिवाळ्यातही उघडा असणारा आरव्ही पार्क मिळाला आहे. ३० अँपियरची वीज आणि जागेवरच पाण्याचा नळ आहे. ट्रेलरवर 'फोर सीझन' लिहिलंय आणि विकणारा म्हणाला, काही काळजी करू नका. पण मला धाकधूक आहे. उणे ३० चे दिवस इथे येतातच. जे खरोखर राहिले आहेत त्यांनी सांगा, आधी काय करू आणि पैसे कशावर घालवू? साधारण ३००० डॉलर बाजूला ठेवले आहेत.

हिमगौरी
कामाची जागा बदलता येणार असेल तर ब्रिटिश कोलंबियात ओसोयूसला जा. बरेच आरव्हीवाले हिवाळा तिथे काढतात, थंडी पुष्कळ सौम्य असते. फक्त वाटेतल्या घाटरस्त्यांवर ऑक्टोबर ते एप्रिलअखेर हिवाळी टायर सक्तीचे आहेत, ते घालूनच निघा.

पाऊलवाट
नाही हो, काम साइटवरचं आहे. रेड डिअरच.

जुना_भटक्या
मी एडमंटनच्या बाहेर ३० फुटी ट्रेलरमध्ये दोन हिवाळे काढलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

'फोर सीझन' या शब्दाला कुठलंही सर्वमान्य मोजमाप नाही. प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने लिहिते. भिंत जेमतेम दोन इंच जाडीची असते, हे लक्षात ठेवा आणि पहिला पैसा स्कर्टिंगवर, म्हणजे ट्रेलरखालची मोकळी जागा चहूबाजूंनी बंद करण्यावर घाला. ट्रेलरच्या खालून वारा वाहत राहिला तर आत कितीही जाळा, लादी बर्फासारखीच राहते. दोन इंची कडक फोमच्या शीट आणा, जमिनीपासून ट्रेलरच्या कडेपर्यंत चारी बाजूंनी लावा, सांधे टेपने बंद करा. एका बाजूला काढता येईल असं दार ठेवा, खाली जायची वेळ नक्की येते. ट्रेलर ज्यांवर टेकतो त्या जॅकच्या पायांखाली लाकडी ठोकळे द्या, नाहीतर पाय जमिनीला चिकटून गोठतात.

आता माझी चूक सांगतो, तुम्ही करू नका. पहिल्या जानेवारीत प्रोपेन वाचवायचं म्हणून मी रात्रभर १५०० वॅटचा विजेचा हीटर लावला. आत २१ अंश, झोप छान. सकाळी नळ उघडला तर पाणी नाही. दुपारी ऊन वर आलं, पाइपातला बर्फ सुटला आणि पाण्याचा पंप थांबेचना. नळ बंद असताना पंप घरघरत राहिला की समजायचं, पाणी कुठेतरी जातंय. पोटाखालचं आवरण कापून पाहिलं तर प्लॅस्टिकचा एल्बो चिरला होता आणि सगळं इन्सुलेशन भिजून लोंबत होतं. कारण साधं आहे. बऱ्याच ट्रेलरमध्ये फर्नेसची, म्हणजे प्रोपेन गॅसवर चालणाऱ्या मुख्य हीटरची, एक नळी टाक्या आणि पाइपांच्या पोकळीत गरम हवा सोडते. विजेच्या हीटरने खोली उबदार झाली की थर्मोस्टॅट समाधानी होतो, फर्नेस लागतच नाही आणि खालची पोकळी गोठते. विजेचा हीटर वापरा, पण जोडीला. त्या पोकळीत २०-३० डॉलरचा बिनतारी थर्मामीटर ठेवा आणि झोपण्यापूर्वी आकडा बघा. माझी सगळ्यात उपयोगी खरेदी तीच.

हीटर एक्स्टेन्शन कॉर्डवर लावू नका, कॉर्ड तापून वितळते. ३० अँपियर म्हणजे एकूण ३६०० वॅट. दोन हीटर आणि मायक्रोवेव्ह एकदम चालणार नाहीत.

प्रोपेनचा हिशोब आधीच करा. ट्रेलरवर बहुधा ३० पाउंडी दोन सिलिंडर असतात, एकात साडेतेरा किलोच्या आसपास गॅस. म्हणजे भारतातल्या आपल्या घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरएवढाच. तिथे घरात महिना-दीड महिना पुरतो, इथे ३०,००० बीटीयूची (बीटीयू म्हणजे उष्णतेचं माप) फर्नेस अर्धा वेळ चालली तरी दोन दिवसांच्या आत संपतो. शिवाय प्रोपेनचा उत्कलनबिंदू उणे ४२. त्याच्या जवळ पारा गेला की लहान सिलिंडरमध्ये द्रव असतो, पण पुरेशी वाफ होत नाही आणि फर्नेस धापा टाकते. गॅस पुरवठादाराकडून मोठी टाकी भाड्याने घ्या, ते येऊन भरून जातात. पार्कची परवानगी आधी विचारा.

सईची_आई
भटक्यांना पूर्ण अनुमोदन. मी स्वयंपाकघराकडून लिहिते. आम्ही मिनेसोटात एक हिवाळा काढला. पाइप गोठले नाहीत, ओलीने मात्र फार त्रास दिला. डिसेंबरात एक दिवस चादर बदलताना गादी उचलली तर खालचं प्लायवूड ओलंचिंब आणि कोपऱ्यात काळी बुरशी. दोन माणसांचा श्वास, अंघोळ, वाळत घातलेले कपडे आणि माझा कुकर! एवढ्याशा जागेत भात-वरणाच्या शिट्ट्या झाल्या की खिडक्यांवरून अक्षरशः ओघळ यायचे आणि रात्री त्यांचाच बर्फ व्हायचा.

मग हे केलं: गादीखाली लाकडी पट्ट्यांची जाळी घातली, म्हणजे हवा खेळते. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटांची दारं रात्री उघडी ठेवली. खिडक्यांना हेअर ड्रायरने ताणून बसणारं प्लॅस्टिक लावलं. चांगला डीह्युमिडिफायर घेतला, तो रोज तांब्या-दीड तांब्या पाणी काढायचा. आणि कुकर असो की फोडणी, छताचा झरोका बोटभर उघडून पंखा लावूनच. उबदार हवा बाहेर जाते म्हणून जीव तुटतो, पण जाऊ द्या.

अंघोळीला बादली-तांब्याच बरा. गिझर बहुधा सहा गॅलनचा, म्हणजे साधारण २३ लिटरचा असतो. शॉवरने टाकी पटकन रिकामी होते आणि सांडपाण्याची टाकी भरते.

उंबरठा
एक गोष्ट कळकळीने. ऊब हवी म्हणून गॅसची शेगडी किंवा ओव्हन कधीही पेटवून ठेवू नका. एक किलो प्रोपेन जळलं की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ खोलीत येते. पण भीती तिची नाही, कार्बन मोनॉक्साइडची आहे. त्याला ना रंग ना वास. डोकं दुखलं, मळमळलं तर सर्दी समजून झोपू नका, आधी बाहेर पडा. त्याचा डिटेक्टर झोपायच्या जागेजवळ लावा आणि प्रोपेनचा वेगळा, जमिनीलगत, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असतं. दोन्हींची मुदत संपलीय का, हे जुन्या ट्रेलरमध्ये आज रात्रीच पाहा. बर्फ पडला की फर्नेसचं बाहेरचं धुराचं तोंड मोकळं करणं हे सकाळचं पहिलं काम.

नुसत्या विजेवर विसंबू नका. १३ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी अल्बर्टात सगळ्यांच्या फोनवर वीज कमी वापरण्याचा इशारा वाजला होता, आठवत असेल. उलट फर्नेसचा पंखाही बॅटरीवर चालतो, तेव्हा बॅटरी भरलेली हवी. लिथियमची असेल तर शून्याखाली ती चार्ज करायची नसते, म्हणून ट्रेलरच्या आत ठेवा.

पाऊलवाट
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! डिटेक्टर लगेच पाहिले, प्रोपेनचा दोन वर्षांपूर्वीच बाद झालाय. उद्या नवीन आणते. दोन प्रश्न. नळाला पाइप कायम जोडून ठेवू का? आणि संडासाच्या टाकीचं काय?

जुना_भटक्या
पाइप विजेवर तापणाराच घ्या, साधा पहिल्याच थंडीत जाईल. नळाचा उघडा भागही हीट टेपने, म्हणजे विजेवर तापणाऱ्या पट्टीने गुंडाळा. उणे २५ च्या खाली अंदाज असेल तर आतली टाकी भरून घ्या, पाइप काढून ठेवा आणि पंपावर चालवा. मी तेच करायचो.

टाक्यांचे व्हॉल्व्ह दोन्ही बंद ठेवा, संडासाचा आणि सांडपाण्याचाही. सांडपाण्याचा उघडा ठेवला की थेंब थेंब जाऊन होजमध्येच बर्फाचा दांडा होतो. टाकी भरत आली की एकदम सोडा, होजला उतार द्या. टाक्यांखाली चिकटवायचे हीटिंग पॅड मिळतात, पैसे उरले तर घ्या.

सईची_आई
कुत्रीचं अंथरूण जमिनीपासून थोडं वर ठेवा हं. लादीवरचा गारठा तिलाच आधी लागेल.

पाऊलवाट
हो, तिच्यासाठी पाट आहे, त्यावर आईची गोधडी घालणार आहे. स्कर्टिंग कधी सुरू करू?

जुना_भटक्या
जमीन गोठायच्या आत. ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या लांब सुट्टीपर्यंत पूर्ण करा, नंतर मेखा ठोकायला जमीन ऐकत नाही आणि टेपही थंडीत चिकटत नाही. रेड डिअर माझ्याकडून दीड तासावर आहे. माझ्याकडे फोमच्या सहा शीट उरल्या आहेत आणि करवतही आहे. पार्कचा पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा, त्या शनिवारी सकाळी येतो.